मासे कुठून घ्यायचे? घरपोच ॲप, बाजारातली मावशी, सुकट आणि हॉटेल, सगळ्याचा सविस्तर रिव्ह्यू

आमच्या घरात मासे म्हणजे रविवारची चैन नाही, रोजचं जेवण आहे. सासर मालवणकडचं, माहेर उरणचं आणि राहायला ठाण्यात, त्यामुळे बुधवार शुक्रवार रविवार ताटात ओलं नाहीतर सुकं काहीतरी असतंच. मैत्रिणी कायम विचारतात की तू कुठून घेतेस, ॲप बरं की मार्केट बरं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आधीच सांगते, ताजं आहे का आणि स्वस्त आहे का एवढंच बघून हा रिव्ह्यू लिहिलेला नाही. माझा तिसरा एक प्रश्न असतो आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा, तो म्हणजे मी जो मासा विकत घेतेय त्याने आयुष्यात एकदा तरी अंडी घातली होती का. बारीक पिल्लं पकडून पकडून समुद्र रिकामा होतोय हे उरणला लहानपणापासून नात्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकत आलेय. आणि ज्यांची चूल मासळीवर चालते ते हे सांगतात तेव्हा ते ऐकायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी ॲपबद्दल लिहिते. नाव देत नाही, कारण दोन-तीन वेगवेगळ्या ॲपवरून मागवलं आणि अनुभव साधारण सारखाच आला. चांगलं काय तर वेळ पाळतात, साफ करून देतात, घरात वास नाही, कचरा नाही, सकाळी ऑफिसला जाणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख आहे ते मला माहितीये आणि त्यासाठी कोणालाही नावं ठेवणार नाही. थंडगार येतो मासा, बर्फाचा डाग नाही, सुरमईच्या तुकड्या एकसारख्या. पण लेबल वाचा हो एकदा. नाव, ग्रॉस वजन, नेट वजन, पॅकिंगची तारीख, झालं. कुठल्या बंदरावर उतरला ते नाही, कशाने पकडला ते नाही, आधी फ्रोझन होता का ते कधी असतं कधी नसतं. पॅकिंगची तारीख म्हणजे मासा पकडल्याची तारीख नव्हे, हे पण लक्षात ठेवा. रावसाला 'इंडियन सामन' लिहितात, रावस आणि सामन यांचा काडीचा संबंध नाही, वेगळ्या कुळातले मासे आहेत, आणि खरा सामन म्हणून जो मिळतो तो बहुतेक नॉर्वेसारख्या देशातून विमानाने आलेला असतो. रोजच्या जेवणात विमानाने आलेला मासा कशाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही, आपल्याकडे रावस असताना!

आणि पॅकेजिंग. अर्धा किलो मासळीमागे प्लास्टिकचा ट्रे, त्यावर फिल्म, वर अजून एक पिशवी, जेलचा पाऊच, चकचकीत थर्मल पिशवी. डिलिव्हरीवाल्या दादांना विचारलं की हे पाऊच परत नेता का, तर म्हणाले ताई आम्हाला तसं काही सांगितलेलं नाही. आमच्या फ्रीजरमध्ये त्या पाऊचची एवढी थप्पी झाली की शेवटी खालच्या शहाळंवाल्याला दिले. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मासळीच्या बायकांनी काय काय सोसलं ते आठवा, आणि इथे एका ऑर्डरमागे एवढा पसारा.

सगळ्यात जास्त खटकलं ते पापलेट. 'स्मॉल पॉम्फ्रेट' म्हणून यादीत होतं, अर्ध्या किलोत दहा ते बारा नग असं छापलेलं. मुद्दाम मागवलं, फूटपट्टी लावली, शेपटीसकट बारा-साडेबारा सेंटिमीटर. आता हे मोजायचं कारण सांगते, कारण ही गोष्ट मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत पाहिजे आणि कोणी सांगतच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिलंय, सीएमएफआरआय म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७० मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याच्यापेक्षा लहान असेल तर पकडायचा नाही, कारण तो मासा अजून वयात आलेला नाही, त्याने एकदाही अंडी घातलेली नाहीत. पापलेटचं माप लक्षात ठेवायचं असेल तर साधा बॉलपेन आठवा, त्याच्यापेक्षा आखूड पापलेट दिसलं की हात लावायचा नाही. आणि हे अगदी कमीत कमी माप आहे हं, म्हणजे मी त्याच्यापेक्षा बरंच मोठं असेल तरच घेते. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०२३ लाच, पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं. पालघरजवळच्या सातपाटीचं पापलेट जगात जातं, तिथले मच्छीमार किती वर्षांपासून ओरडतायत की पिल्लं मारू नका, आणि आपण शहरात बसून चार बोटांची पापलेटं 'फ्रायला बरी पडतात' म्हणून घेतो. मुलांच्या डब्याला एकेक आख्खं देता येतं म्हणून घेतात लोक, मला कारण कळतं, पण नका घेऊ. डब्याला मांदेली द्या, ती मुळातच लहान असते, पूर्ण वाढलेली मांदेली पण वीतभरच असते.

कस्टमर केअरला लिहिलं की हे पापलेट कायद्याच्या मापापेक्षा लहान आहे, फोटो पट्टीसकट पाठवला. त्यांनी पाच मिनिटात पैसे परत केले आणि 'क्वालिटी इश्यूबद्दल दिलगीर आहोत' असं उत्तर आलं. मला पैसे नको होते, ते पापलेट यादीतून काढून टाकायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात बघितलं तर तसंच होतं. ॲपला माझ्याकडून पाचपैकी दोन, ते दोन पण त्या पोरांच्या वेळेवर येण्यासाठी.

आता बाजार. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर मासळी बाजार आहे, ओटे आहेत, वर पत्रा आहे, पावसाळ्यात गळतो. मी ज्या मावशींकडून घेते त्या पहाटे भाऊच्या धक्क्यावर नाहीतर ससून डॉकला जाऊन माल उचलतात. पहिल्या पहिल्यांदा मी गिऱ्हाइकासारखी जायचे, हे कितीला ते कितीला. मग एकदा विचारलं, मावशी आज तुम्ही घरी काय नेणार? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाय, पापलेट नको नेऊ आज, बर्फातला हाय, बोंबील ने, आजचाच हाय." तेव्हापासून भाव विचारायच्या आधी हा प्रश्न विचारते, तुम्ही पण विचारून बघा.

मावशींकडून जे शिकले ते कुठल्याही लेबलवर नाही. बोंबील घ्यायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास घ्यायचा. कारण बोंबील, करंदी, जवळा हे बरंचसं डोलीच्या जाळ्यात येतं. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं लांब जाळं, ते ओढायला इंजिन लागत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत घेऊन येतं. उधाणाला पाण्याला ओढ जास्त, म्हणून मासळी जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मंद, मासळी कमी, त्या दिवसात बाजारात ढिगाने बोंबील दिसला तर तो कधीचा आहे ते विचारायचं. आणि बोंबील इतका पाणीदार मासा की तो लांबचा प्रवास करून ताजा राहूच शकत नाही, म्हणजे ताजा बोंबील मिळाला तर तो जवळचाच. अंतर कमी, बर्फ कमी, डिझेल कमी. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरचं डिझेल आणि डोलीवाल्याचं डिझेल यात फार फरक आहे, डोलीवाल्याला फक्त जाळ्यापर्यंत जाऊन यायचं असतं.

पण डोल म्हणजे सगळं चांगलंच असंही मी म्हणणार नाही. डोलीच्या शेवटच्या भागातले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक असतात आणि त्यात पापलेटची पिल्लं पण अडकतात, हा वाद पालघरच्या किनाऱ्यावर जुना आहे, मच्छीमारांमध्ये आपसात पण आहे. म्हणून मी डोलीचा बोंबील आनंदाने घेते आणि डोलीतलं बारीक पापलेट घेत नाही, दोन्ही एकाच पाटीत असलं तरी. मावशींना सुरुवातीला राग यायचा, "तू नाय नेलंस तर दुसरी नेल" म्हणायच्या. बरोबरच आहे त्यांचं, तो माल त्यांनी लिलावात पैसे मोजून घेतलाय. तरी मी एवढंच म्हणते की मावशी पुढच्या वेळी मोठं आणा, मी नक्की घेईन, आणि मोठं आणलं की घेते, भाव न करता. गिऱ्हाईक नुसतं नको म्हणालं आणि घेतलं काहीच नाही तर त्या बाईने करायचं काय!

बाजाराची अजून एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे वाया काही जात नाही. सुरमई घेतली तर डोकं, शेपूट, मधला काटा सगळं पिशवीत येतं, डोक्याचं कालवण होतं, दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं. ॲपवर 'क्लीन्ड' घेतलं की ग्रॉस एक किलो आणि नेट जवळजवळ अर्धा-पाऊण, मधलं कुठे जातं कोणास ठाऊक. सासूबाई म्हणतात डोक्याशिवाय तिखलं होत नाही, आणि त्यांचं खरं आहे. बाजाराचे दोष पण लिहिते, काळ्या पातळ पिशव्या अजून चालू आहेत, बंदी असून. मी स्टीलचे दोन डबे नेते, सुरुवातीला बायका बघायच्या, आता मावशी स्वतःच डबा पुढे कर म्हणतात. ओट्याखालचं पाणी तुंबतं, रविवारी अकरानंतर पाय ठेवायला जागा नाही, आणि काही ओट्यांवर पिल्लंच पिल्लं असतात, तिकडे मी थांबत नाही. तरी पाचपैकी चार.

कुठल्या महिन्यात कुठला मासा घ्यायचा हे घरच्या मोठ्यांना माहीत असतं पण आपल्या पिढीचं विसरून गेलंय. त्याच्यासाठी 'नो युअर फिश' नावाचं एक चांगलं काम आहे, समुद्रजीवांवर काम करणाऱ्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यासाठी महिनावार यादी केलीये, कुठला मासा कधी अंडी घालतो ते बघून त्या महिन्यात तो टाळा आणि हा घ्या असं सांगतात. मी ती यादी प्रिंट काढून फ्रीजला लावलीये, नवरा बाजारात जाणार असेल तर फोटो काढून नेतो. फुकट आहे, सोपी आहे, आणि त्यात 'मासे खाऊच नका' असा सूर नाही म्हणून मला जास्त पटली. कोकणातल्या माणसाला मासे सोडायला सांगणं मला बरोबर वाटत नाही, तुमची बाजू ऐकणारा माणूस पण मग दार लावून घेतो.

आता पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बिनइंजिनाच्या होड्यांना सूट असते, खाडीतली थोडी मासळी मिळत राहते. तरी जुलैमध्ये बाजारात जा, सुरमई पापलेट सगळं दिसतं. ते येतं कुठून? काही आधी बर्फात नाहीतर कोल्ड स्टोरेजमध्ये घातलेलं असतं आणि काही पूर्व किनाऱ्यावरून येतं, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपली सुरू होऊन दोन आठवडे झाले की तिकडे बोटी सुटतात. म्हणजे बेकायदा काही नाही, पण दीड हजार किलोमीटर बर्फ आणि ट्रक. आणि गटारी नेमकी याच दिवसात, आषाढ अमावास्या बहुतेक वेळा बंदीत नाहीतर बंदीच्या शेवटालाच येते, तेव्हा 'मासळी पण पाहिजेच' म्हणून लोक वाट्टेल तो भाव देतात. आम्ही बंदीच्या दिवसात ओला समुद्रातला मासा आणायचं बंद केलंय. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात, त्यानंतर बोटी भरून यायला लागल्या की मग आमच्याकडे पहिला बांगडा, तिरफळं घालून. दोन महिने थांबल्यावर त्या बांगड्याची चव काय लागते ते मी लिहून सांगू शकत नाही.

एक गोष्ट लिहिताना मला माहितीये माहेरची माणसं रागावतील, पण लिहितेच. वलगणीचे मासे. पहिला पाऊस पडला, शेतात पाणी चढलं की नदी-ओढ्यातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, आणि रायगड-ठाण्यात ते पकडायला अख्खं गाव उतरतं. भरलेल्या गाबोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला मासा, चव अप्रतिम, मी लहानपणी वाट्या भरभरून खाल्लंय. पण तो मासा वर चढतो तो अंडी घालायलाच. पूर्वी गावातली चार माणसं टोपलं घेऊन जायची तेव्हा काही बिघडत नव्हतं, आता बाहेरचे पण गाड्या घेऊन येतात, बारीक जाळी आडवी लावतात, वर जायला वाटच उरत नाही. मी वलगणीचे मासे विकत घेत नाही. गावी गेल्यावर काकीने प्रेमाने ताटात वाढले तर खाते, पण रस्त्यावर विकायला ठेवलेले घेणार नाही. गाबोळीचं पण तसंच, पावसाळ्यात नाही.

मग त्या दोन महिन्यात काय खायचं? तर आगोट! आपल्या आज्या मे महिन्यात घर भरून ठेवायच्या त्याला काही कारण होतं. सुके बोंबील, सुकट, जवळा, करंदी, सोडे, बांगडा, सगळं उन्हात कडक करून डब्यात. ना फ्रीज, ना बर्फ, ना वीज, उन्हावर वाळलेलं आणि वर्षभर टिकणारं, पर्यावरणाला याच्यापेक्षा हलकं मांसाहारी खाणं मला तरी दुसरं माहीत नाही. आणि मोसमात जेव्हा बोंबील धो धो येतो आणि भाव पडतो, तेव्हा तो फेकला न जाता वाळवला जातो, त्यात कोळी बायकांची कमाई असते.

सुक्या मासळीची खरेदी मी ओळखीच्या कोळीवाड्यातून करते, मे च्या पहिल्या पंधरवड्यात. शेवटच्या आठवड्यात गेलं की गर्दी पण आणि भाव पण. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवलेलेच घ्यायचे, तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगलेले असतात, त्यांना वारा सगळीकडून लागतो. जमिनीवर पसरून वाळवलेल्यात वाळू येते, दाताखाली कचकच, अख्ख्या कालवणाचा सत्यानाश. मोडून बघायचा, कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर ओल आहे आणि जुलैमध्ये बुरशी धरणार हे नक्की. रंग पांढरट-पिवळसर, फार पांढराशुभ्र आणि फार मिठाचा थर असेल तर मी घेत नाही, वजन वाढवायला मीठ असतं. जवळा मूठभर हातात चोळायचा, माती खाली पडते का बघायची. घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हं द्यायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. शेजाऱ्यांना वासाचा त्रास होतो म्हणून खूप जणी फ्लॅटमध्ये आणत नाहीत, त्यांना एक सांगते, भाजून पूड करून काचेच्या बरणीत ठेवा, वास बंद. पावसात सुकट-वांगं, जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, सोबत टाकळा नाहीतर फोडशीची भाजी बाजारात येतेच. याला पाचपैकी पाच, अर्धा गुण पण कापत नाही.

तळ्यातल्या माशांबद्दल थोडक्यात. आम्ही किनाऱ्यावरची माणसं रोहू-कटल्याला नाक मुरडतो, 'मातीचा वास येतो' म्हणतो. पण विचार केला तर रोहू जास्त करून वनस्पती खातो, कटला पाण्यातले बारीक जीव खातो, म्हणजे त्यांना वाढवायला समुद्रातले दुसरे मासे दळून घालायची फारशी गरज नाही. विदर्भातल्या मंडळींना हे सांगायची गरजच नाही, भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावांवर, ढीवर समाजाने पिढ्यान् पिढ्या मासेमारी केलीये, आणि तिकडच्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची चव मी नागपूरच्या मैत्रिणीकडे घेतलीये, काय सांगू! आम्ही आता महिन्यातून एखाद्या वेळी रोहू आणतो, हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचा, वास जातो. बासा मात्र मला आवडत नाही, चव नाही आणि कुठून आला ते कोणी सांगत नाही. तळ्यातली पांढरी कोळंबी, व्हनामी म्हणतात ती, बहुतेक आंध्रातून येते, ती मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्याची जात, २००९ पासून आपल्याकडे वाढवायला परवानगी मिळाली. मी ती क्वचित घेते, तिला खाद्य खूप लागतं, आणि तळी बांधायला खाडीकाठची जमीन लागते.

तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या आणि कालवं मात्र नक्की घ्या. त्यांना खायला घालावं लागत नाही, पाणी गाळून खातात, आणि ओहोटीला बायका हाताने काढतात, ना जाळं ना इंजिन. फक्त कुठल्या खाडीतल्या ते विचारा. पाणी गाळणारा जीव म्हटल्यावर पाण्यात जे असेल ते त्याच्यात येणारच, त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्याजवळच्या नकोत. आमची ठाणे खाडी २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, फ्लेमिंगो बघायला लोक येतात, मला त्याचा अभिमान आहे, पण शहराचं सांडपाणी त्यात जातंय तोवर मी तिथल्या शिंपल्या खाणार नाही. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कोणी येणार असेल तर मागवते.

हॉटेलांचं काय ते पण लिहिते. बहुतेक मालवणी म्हणवणाऱ्या हॉटेलात बारा महिने पापलेट थाळी, सुरमई थाळी आणि कोळंबी, बस. आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉटेलात 'पापलेट थाळी' मध्ये आलेलं पापलेट बशीत हरवलं होतं, तेव्हा मॅनेजर साहेबांना शांतपणे सांगितलं की एवढं छोटं ठेवू नका, त्यापेक्षा बांगडा द्या आम्ही खाऊ. ते म्हणाले मॅडम बांगड्याला लोक पैसे देत नाहीत. ही खरी अडचण आहे आणि ती आपली आहे. ज्या छोट्या खाणावळीत फळ्यावर खडूने 'आज: बांगडा, मांदेली' असं लिहिलेलं असतं आणि बाकीचं 'नाही' असतं, तिथे मी नेहमी जाते. 'नाही' म्हणणारं हॉटेल मला जास्त विश्वासाचं वाटतं, त्यांनी सकाळी बाजार बघून स्वयंपाक ठरवलेला असतो. आमच्या स्टेशनच्या मागे एक अशी खाणावळ आहे, पावसाळ्यात तिथे सुक्याचीच थाळी मिळते, सोबत सोलकढी, पोट भरतं आणि बिल बघून घाम फुटत नाही.

मोरी म्हणजे छोटा शार्क आणि पाकट याबद्दल मैत्रिणीने विचारलं होतं, बाळंतिणीला देतात म्हणून. शार्कच्या कुळातले मासे उशिरा वयात येतात आणि पिल्लं फार थोडी देतात, त्यामुळे एकदा कमी झाले की भरून यायला फार वर्षं जातात. आम्ही मोरी बंद केली. बाळंतिणीला बांगडा, मांदेली दिली तरी चालतं, मैत्रिणीच्या डॉक्टरांनी पण तिला तेच सांगितलं. घोळीचं पण तसंच, तिच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात इतकी किंमत येते की घोळ दिसली की सुटतच नाही, आता बाजारात मोठी घोळ बघायला मिळणं पण अवघड झालंय.

खर्चाचं विचाराल तर आमचा मासळीचा खर्च कमी झालाय. पापलेट-सुरमईच्या पैशात मांदेली, बोंबील, बांगडा, तारली कितीतरी जास्त येतात. तारलीला काटे म्हणून मुलं कुरकुर करायची, कुरकुरीत तळली की काट्यासकट खातात आता. वेळ मात्र जास्त जातो, हे प्रामाणिकपणे सांगते. मांदेली साफ करायला बसलं की अर्धा-पाऊण तास कुठे गेला कळत नाही. नवरा आणि मी दोघं बसतो, एकटीवर टाकलं तर हे टिकणार नाही, ज्या घरात एकट्या बाईने करायचं आहे तिथे मी आग्रह धरणार नाही, मावशींना वीस रुपये जास्त दिले की त्या साफ करून देतात, ते करा.

ॲपवाल्यांनी लेबलवर फक्त दोन गोष्टी छापल्या, कुठल्या बंदरावर उतरला आणि कशाने पकडला, आणि मापाखालचं पापलेट यादीतून काढलं तर मी ऑफिसच्या दिवसांसाठी लगेच पुन्हा चालू करेन, हे त्यांना लिहून पण कळवलंय. बाजारात जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी सकाळी साडेआठच्या आत जा, मावशींना तेव्हा बोलायला वेळ असतो. डबा न्या आणि पर्समध्ये पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा, मुलांच्या कंपासमधली चालते.